दात्याची फुप्फुसे जपताना : अतिदक्षता विभागापासून प्रत्यारोपणाच्या टेबलापर्यंत

मेंदूमृत दात्याची मूत्रपिंडे आणि यकृत स्वीकारले जाते, पुष्कळदा हृदयही स्वीकारले जाते, आणि फुप्फुसे मात्र नाकारली जातात, हा अनुभव अवयवदानाच्या कामात असलेल्या बहुतेकांनी घेतलेला असतो. जगभरात बराच काळ पाच दात्यांमागे साधारण एकाचीच फुप्फुसे वापरण्याजोगी निघत आली आहेत. फुप्फुसाचा बाहेरच्या हवेशी थेट संबंध असतो, त्यामुळे छातीला बसलेला मार, घशातून उतरलेली लाळ किंवा उलटी, व्हेंटिलेटरचा दाब, जंतुसंसर्ग आणि शिरेवाटे गेलेले जादा पाणी या सगळ्यांचा फटका सर्वांत आधी त्याला बसतो. अवयव काढणाऱ्या पथकात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, बर्फाच्या पेटीत जेवढी फुप्फुसे बिघडतात त्याहून कितीतरी अधिक फुप्फुसे पेटी येण्याआधीच, अतिदक्षता विभागात, हातची जातात. म्हणून जतनाची सुरुवात मी तिथूनच सांगणार आहे. हे मार्गदर्शन दात्याच्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञ, निवासी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि समन्वयक यांच्यासाठी आहे. इथले आकडे प्रचलित पद्धतीतले आहेत. प्रत्यक्ष काम करताना प्रत्यारोपण करणाऱ्या पथकाची लेखी कार्यपद्धती अंतिम मानावी.

अतिदक्षता विभागात

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यूची खात्री चार डॉक्टरांच्या मंडळाला किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. दोन्ही वेळा ॲप्निया चाचणी होते, म्हणजे व्हेंटिलेटरचा श्वास थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहिले जाते. नळी व्हेंटिलेटरपासून सोडवली की फुप्फुसातला दाब शून्यावर येतो आणि तळाकडचे वायुकोश मिटतात. एकदा मिटलेले वायुकोश पुन्हा व्हेंटिलेटर जोडला म्हणून आपोआप उघडत नाहीत. त्यामुळे ही चाचणी नळी उघडी ठेवून करू नये, तर सीपॅपचा सततचा दाब देत करावी, आणि चाचणी संपताच मिटलेले वायुकोश उघडण्यासाठी रिक्रूटमेंट करावी, म्हणजे थोडा वेळ वाढीव दाब देऊन फुप्फुसे फुगवावीत. रिक्रूटमेंटच्या वेळी रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे, कारण छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि आधीच नाजूक असलेला दाता कोसळू शकतो. कफ ओढतानाही हाच नियम लागू होतो : बंद सक्शन वापरावे आणि नळी सोडवू नये.

व्हेंटिलेटरवर प्रत्येक श्वासाचे आकारमान अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे ६ ते ८ मिलि. ठेवावे. अपेक्षित वजन म्हणजे उंची आणि लिंग यांवरून काढलेले वजन, खाटेवर दिसणारे वजन नव्हे. स्थूल दात्याच्या बाबतीत हा फरक विसरला गेला, तर फुप्फुसे तासन्तास ताणली जातात. पीप, म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, ८ ते १० सेंमी पाणी ठेवावा आणि प्राणवायूचे प्रमाण गरजेपुरतेच ठेवावे. इटली आणि स्पेनमधील अतिदक्षता विभागांत ११८ संभाव्य दात्यांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मोठे श्वास आणि कमी पीप या जुन्या पद्धतीत २७ टक्के दात्यांची फुप्फुसे प्रत्यारोपणासाठी काढता आली, तर लहान श्वास, अधिक पीप, सीपॅपवरील ॲप्निया चाचणी आणि बंद सक्शन यांच्या जोडीने ती ५४ टक्के दात्यांची काढता आली. यासाठी कोणतेही महाग यंत्र लागले नव्हते. जिल्ह्याच्या कोणत्याही अतिदक्षता विभागात आज रात्री करता येईल, अशीच ही गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मेंदू मृत होताना शरीरात ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांची लाट उसळते, तिच्यामुळे फुप्फुसात पाणी झिरपू लागते. पुढे मेंदूतून येणारे, लघवी आवरून धरणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक थांबते, लघवी भराभर होऊ लागते, रक्तदाब उतरतो, आणि ड्यूटीवरचे डॉक्टर तो सावरण्यासाठी सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या लावतात. त्यातले बरेच पाणी अखेर फुप्फुसात जाऊन बसते. लघवी अनावर झाली असेल तर बाहेर जाणारे पाणी भरून काढण्याच्या जोडीने व्हॅसोप्रेसिन किंवा डेस्मोप्रेसिन लवकर सुरू करावे, मध्यशिरेतील दाब ६ ते ८ मिमी पाऱ्याच्या आसपास राखावा, आणि मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दर किलोमागे १५ मिग्रॅ. या प्रमाणात द्यावे. मूत्रपिंडाच्या पथकाला पाणी हवे असते आणि आम्हाला ते नको असते, ही ओढाताण जुनी आहे. ती फोनवर वाद घालून सुटत नाही. समन्वयकाने दोन्ही पथकांकडून एकच उद्दिष्ट ठरवून घेऊन ते खाटेच्या चार्टवर लिहून ठेवावे.

खाटेचे डोके ३० अंश वर ठेवणे, श्वासनळीतल्या नळीभोवतीचा फुगा (कफ) नीट फुगलेला असणे, तोंडाची स्वच्छता आणि ठरावीक वेळाने कूस बदलणे या साध्या गोष्टी मेंदूमृत्यू जाहीर झाल्यावर हळूहळू बंद पडतात, असे मी पाहिले आहे. त्या बंद पडू देऊ नयेत.

फुप्फुसांची परीक्षा म्हणजे १०० टक्के प्राणवायू आणि ५ सेंमी पीपवर घेतलेली धमनीतील रक्ताची वायुतपासणी. प्राणवायूचा दाब ३०० मिमी पाऱ्याच्या वर असावा, असा सर्वसाधारण निकष आहे. मात्र पहिलाच आकडा कमी आला म्हणून फुप्फुसे सोडून देऊ नयेत. एका जिल्ह्याच्या गावी आम्हाला कळवलेला आकडा २१० होता आणि क्ष-किरण चित्रात उजवीकडचा तळ पांढरा दिसत होता. ब्राँकोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत आत पाहण्याची दुर्बीण, घातला तेव्हा उजव्या खालच्या शाखेत घट्ट, पिवळसर कफ अडकलेला सापडला. तो ओढून काढल्यावर ट्रेमध्ये श्वासनलिकेच्या फांद्यांचा साचाच पडला होता. त्यानंतर रिक्रूटमेंट केली, लघवीचे औषध दिले आणि दोन तासांनी पुन्हा रक्त पाठवले. आकडा ३९० आला. खुद्द फुप्फुसात दोष नव्हता, वाट बंद होती. म्हणून ब्राँकोस्कोपी केल्याशिवाय आणि किमान एकदा पुनर्तपासणी केल्याशिवाय नकार कळवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

अपघाताचे प्रकरण असेल तर पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन यांची व्यवस्था आधीच लावून ठेवावी, म्हणजे छाती उघडल्यावर कागदासाठी कोणाला थांबावे लागणार नाही.

शस्त्रक्रियागृहात : धुण्यापूर्वी

छातीचे मधले हाड (उरोस्थी) कापून दोन्ही बाजूंचे फुप्फुसावरण उघडल्यावर शल्यविशारद फुप्फुसे हाताने चाचपतात. गाठ, मार लागलेला कडक भाग, चिकटलेला भाग यांची नोंद होते. या वेळी भूलतज्ज्ञाने फुप्फुसे पूर्ण फुगवून दाखवावीत आणि मग क्षणभर नळी सोडवावी. निरोगी फुप्फुस पाहता पाहता खाली बसते. पाणी भरलेले फुप्फुस तसेच फुगलेले राहते, आणि त्यावर बोट दाबले तर मळलेल्या कणकेसारखे रुतते. या एका पाहणीतून जे कळते ते पुष्कळदा क्ष-किरण चित्रातून कळत नाही. पाहणी होताच नळी लगेच जोडावी आणि पुन्हा रिक्रूटमेंट करावी.

दरम्यान जतनद्राव, म्हणजे फुप्फुसातले रक्त धुऊन काढून त्याला थंड ठेवणारा द्राव, तयार ठेवावा. फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये मिसिसिपी येथे केला आणि तो रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यश १९८३ मध्ये टोरोंटो येथे जोएल कूपर यांच्या पथकाला मिळाले. त्या काळात मूत्रपिंडासाठी बनवलेला, पोटॅशियम भरपूर असलेला युरो-कॉलिन्स द्राव फुप्फुसासाठीही वापरला जाई. परंतु जादा पोटॅशियममुळे फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि द्राव सर्वत्र पोहोचत नाही. आज बहुतेक ठिकाणी पोटॅशियम कमी असलेला, डेक्स्ट्रान आणि ग्लुकोज असलेला द्राव वापरतात. पर्फाडेक्स या नावाने तो बहुतेकांना माहीत आहे. त्यात ५ टक्के डेक्स्ट्रान-४० असते. थंडीत पेशींचे सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतात, त्यामुळे पाणी बाहेर झिरपण्याचा धोका वाढतो. डेक्स्ट्रान ते पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते आणि तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटू देत नाही. द्राव ४ ते ८ अंशांपर्यंत थंड केलेला असावा, आणि त्यात आम्लता सावरणारे औषध व कॅल्शियम वेगळे घालायचे असेल तर ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वापरण्याच्या वेळीच घालावे. पिशव्या मोजून घ्याव्यात : दर किलोमागे ५० ते ६० मिलि. या हिशेबाने ६० किलोच्या दात्याला सुमारे साडेतीन लिटर केवळ पहिल्या धुण्याला लागतात, उलट्या दिशेने धुण्यासाठी आणखी १ लिटर लागतो, आणि पिशवीत भरण्यासाठीचा द्राव त्याहून वेगळा.

धुणे

सर्व पथके तयार आहेत याची खात्री झाल्यावर रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दर किलोमागे ३०० युनिट या प्रमाणात द्यावे आणि ते शरीरभर फिरण्यासाठी काही मिनिटे थांबावे. फुप्फुसधमनीच्या मुख्य खोडात, झडप आणि दुभाजन यांच्या मधोमध कॅन्युला, म्हणजे द्राव सोडण्याची नळी, बसवावी. ती पुढे सरकून एकाच शाखेत गेली तर दुसरे फुप्फुस न धुताच राहते, म्हणून टोक कुठे आहे ते बोटांनी चाचपून पाहावे. त्यानंतर रक्तवाहिन्या सैल करणारे प्रोस्टाग्लँडिन ई-१ थेट फुप्फुसधमनीत दिले जाते, सामान्यतः ५०० मायक्रोग्रॅम. ते देताच रक्तदाब झपाट्याने उतरतो. हे अपेक्षित आहे, पण हृदय आणि यकृत घेणाऱ्या पथकांना आधी मोठ्याने सांगितल्याशिवाय ते देऊ नये.

इथून पुढची मिनिटे घाईची असतात. ऊर्ध्व महाशिरा बांधली जाते, अधो महाशिरा कापून उजवी बाजू रिकामी केली जाते, महाधमनीला क्लॅम्प लावला जातो, आणि डाव्या अलिंदाचे, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याचे, कानासारखे टोक (अपेंडेज) कापून द्रावाला बाहेर पडण्याची वाट केली जाते. क्लॅम्प लावल्याची वेळ मोठ्याने उच्चारून लिहून घ्यावी, कारण पुढचे सर्व तास त्या क्षणापासून मोजले जातात. जतनद्राव गुरुत्वाकर्षणाने सोडावा. पिशवी हृदयाच्या पातळीपासून सुमारे ३० सेंमी उंच असावी. एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे २२ मिमी पारा, आणि द्राव वाहू लागला की धमनीत पोहोचणारा दाब त्याहून कमी असतो. लवकर संपावे म्हणून पिशवी दाबणे किंवा स्टँड उंच करणे ही चूक कधीही करू नये, कारण फुप्फुसातल्या केशवाहिन्या जास्त दाब सोसत नाहीत. याच वेळी दोन्ही छातीपोकळ्यांत बर्फाळ सलाईनचा चुरा घालावा.

धुताना व्हेंटिलेटर चालूच ठेवायचा आहे, ही गोष्ट नवख्या भूलतज्ज्ञाला विचित्र वाटते, कारण हृदय थांबलेले असते आणि मॉनिटरवर सरळ रेषा असते. पण फुगलेल्या, हलत्या फुप्फुसातच द्राव प्रत्येक कोपऱ्यात पोहोचतो. मिटलेल्या भागातील रक्तवाहिन्याही मिटलेल्या असतात. रंग पाहत राहावे. गुलाबी-करडे फुप्फुस मध्यभागापासून कडांकडे फिकट होत जाते आणि शेवटी ताज्या खोबऱ्यासारखे पांढरे होते. कुठे गुलाबी ठिपका उरला असेल तर तिथे द्राव पोहोचलेला नाही, म्हणून तो भाग हाताने हलकेच उचलून फुगवावा. अलिंदातून येणारा द्राव नितळ होईपर्यंत धुणे थांबवू नये.

हृदय वेगळे करताना डाव्या अलिंदाच्या भिंतीची पट्टी दोन्ही पथकांना वाटून घ्यावी लागते. फुप्फुसशिरांभोवती पुरेशी पट्टी राहिली नाही तर पुढे शिवायला जागा उरत नाही, आणि हृदयाकडे ती कमी पडली तर त्यांची अडचण होते. ही रेघ दोन्ही शल्यविशारदांनी एकत्र उभे राहून आखावी.

त्यानंतर उलट्या दिशेने धुणे. चारही फुप्फुसशिरांतून प्रत्येकी सुमारे २५० मिलि. द्राव सोडावा, तो फुप्फुसधमनीतून बाहेर येतो. मी हे पाऊल कधीही गाळू देत नाही. पुढच्या दिशेने स्वच्छ धुतलेल्या, पांढऱ्याशुभ्र फुप्फुसातूनही उलट्या धुण्यात गडद तांबड्या, दोऱ्यासारख्या गुठळ्या भांड्यात पडताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. त्या तशाच राहिल्या असत्या तर रक्त सुरू होताच तेवढा भाग बंद पडला असता. शिवाय फुप्फुसशिरांतून गेलेला द्राव श्वासनलिकांच्या भिंतींनाही अधिक चांगला पोहोचतो, आणि पुढे जोड भरून येताना त्याच भिंतींचे पोषण महत्त्वाचे असते.

हवा आणि पेटी

फुप्फुस हा असा एकच अवयव आहे, ज्याच्या पोटात आपण प्राणवायू ठेवून देऊ शकतो. त्याच्या पेशी रक्त नसतानाही वायुकोशांतल्या हवेतून प्राणवायू घेत राहतात. म्हणूनच ते मिटलेल्या अवस्थेत कधीही नेऊ नये. पण ठासून फुगवूही नये, कारण ताणलेल्या वायुकोशांच्या भिंती तासन्तास ताणात राहिल्या तर रक्त सुरू झाल्यावर त्यांतून पाणी झिरपते. प्राणवायू सुमारे ५० टक्के ठेवून, १५ ते २० सेंमी पाण्याचा दाब देऊन, फुप्फुसे मध्यम फुगलेली असताना श्वासनलिकेवर स्टेपलर लावावा. शुद्ध १०० टक्के प्राणवायू भरू नये. फुप्फुसे विमानाने जाणार असतील तर थोडी कमीच फुगवावीत : उड्डाणात केबिनचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास उतरू शकतो, आणि आतली बंद हवा जवळजवळ एक तृतीयांशाने प्रसरण पावू पाहते.

बांधणी तीन पिशव्यांची असते. पहिल्या पिशवीत थंड जतनद्राव आणि त्यात बुडालेली फुप्फुसे. दुसरीत थंड सलाईन. तिसरी निर्जंतुक पिशवी सर्वांना वेढणारी. प्रत्येक पिशवीतली हवा काढून तोंड वेगवेगळे बांधावे. बर्फ या पिशव्यांबाहेर, पेटीत राहतो. तो अवयवाला थेट कधीही लागू देऊ नये, कारण त्या जागी ऊती गोठतात. पेटीवर दात्याचा सांकेतिक क्रमांक, रक्तगट, क्लॅम्पची वेळ आणि अवयवाची बाजू लिहावी, दात्याचे नाव लिहू नये. सोबत दात्याचे रक्त, लसिकाग्रंथी आणि प्लीहेचा तुकडा क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का हे तपासण्यासाठी, पाठवावा.

या पद्धतीने ६ ते ८ तासांची मुदत मिळते असे धरून चालतात. पुण्याहून मुंबईला येताना ग्रीन कॉरिडॉर असेल तर रस्ता हा मोठा प्रश्न राहत नाही. नागपूरहून यायचे असेल तर उड्डाणाच्या वेळा, विमानतळावरची तपासणी आणि रुग्णवाहिका यांचा हिशेब क्लॅम्प लावण्याआधी समन्वयकाने विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीशी बोलून पक्का केलेला असावा. पेटी गाडीच्या डिकीत नव्हे, माणसाच्या नजरेसमोर ठेवावी.

बर्फापेक्षा १० अंश तापमान फुप्फुसाला अधिक मानवते, हे टोरोंटोच्या गटाने प्राण्यांवर १९८० च्या दशकाच्या अखेरीलाच दाखवले होते, पण ते मागे पडले. त्याच शहरातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हा विषय पुन्हा पुढे आणला. १० अंशांवर पेशींतील ऊर्जा बनवणारे मायटोकाँड्रिया अधिक सुस्थितीत राहतात असे दिसले, आणि नंतर रुग्णांमध्येही अधिक तास साठवलेली फुप्फुसे चांगली चालल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. याचा व्यवहारातला लाभ मोठा आहे : रात्री दोनला आलेले फुप्फुस सकाळी ताज्या पथकाने बसवता येते. मात्र त्यासाठी तापमान काटेकोर राखणारी पेटी हवी. बर्फाच्या पेटीत बर्फ कमी घालून १० अंश साधण्याचा प्रयत्न करू नये.

शंकास्पद फुप्फुसांसाठी शरीराबाहेर यंत्रावर फुप्फुस चालवण्याची पद्धत आहे. स्वीडनमधील लुंड येथे स्टिग स्टीन यांनी ती रुजवली आणि टोरोंटोने तिला कित्येक तास चालणारे रूप दिले. अल्ब्युमिन आणि डेक्स्ट्रान असलेला द्राव फुप्फुसातून हळूहळू फिरवत तापमान ३७ अंशांपर्यंत नेतात, सुमारे ३२ अंशांवर लहान श्वास सुरू करतात, आणि चार ते सहा तास प्राणवायूचे आकडे, दाब आणि लवचीकता पाहून निर्णय घेतात. खर्चामुळे ही सोय मोजक्या केंद्रांतच असते. पण ती उपलब्ध असेल, तर सीमारेषेवरचे फुप्फुस नाकारण्याआधी तिथे विचारावे.

टेबलावर

पेटी उघडल्यावर जतन संपले असे समजू नये. पहिले फुप्फुस शिवताना ते छातीच्या उबेत असते, म्हणून त्याभोवती बर्फाळ गॉज ठेवावे आणि दुसरे फुप्फुस तोवर पिशवीतच राहू द्यावे. शिवण पूर्ण झाल्यावर फुप्फुसधमनीचा क्लॅम्प एकदम सोडू नये. सुमारे दहा मिनिटे घेऊन, दाब कमी ठेवून, तो टप्प्याटप्प्याने सैल करावा, आणि भूलतज्ज्ञाने लहान श्वास, पुरेसा पीप आणि गरजेपुरता प्राणवायू यांवर राहावे. पांढऱ्या फुप्फुसात रंग मुळापासून कडांकडे परत येतो. एखादा खंड पांढराच राहिला तर शिवणीजवळ पीळ किंवा गुठळी आहे का ते तिथल्या तिथे पाहावे, छाती बंद केल्यानंतर नव्हे.

पहिल्या ७२ तासांत प्राणवायूचा दाब आणि दिलेल्या प्राणवायूचे प्रमाण यांचे गुणोत्तर ठरावीक वेळी नोंदवावे. ते २०० च्या खाली राहिले आणि क्ष-किरण चित्रात दोन्हीकडे पाणी दिसले, तर तो बसवलेल्या फुप्फुसाच्या प्राथमिक बिघाडाचा तीव्र प्रकार समजला जातो. ७२ तासांचा हा आकडा, रुग्णाची ओळख न देता, समन्वयकामार्फत दात्याच्या अतिदक्षता विभागाला कळवण्याची पद्धत आमच्याकडे आहे. पुढच्या दात्याचा पीप लावताना तिथल्या परिचारिकांना त्याची आठवण राहते.